चौदा फुटांवरची चाळ

डॅलसच्या उत्तरेकडचं एक उपनगर. मे महिना, सकाळचे दहा. लेकीच्या घरामागचं फाटक ढकलून मी शेजारच्या अंगणात शिरते. गवतावरचं दव कधीच सुकलंय. ऊन मानेवर बसायला लागलंय. शेजारचे आजोबा 'या' म्हणत नाहीत, नुसतं वर बोट दाखवतात.

अंगणाच्या मधोमध एक खांब आहे. १४ फूट उंच, प्रत्येक झाडापासून चाळीसेक फूट लांब. त्याच्या आडव्या दांड्यांना २४ पांढरे भोपळे टांगलेत आणि त्यांच्याभोवती नुसती धांदल चाललीय. काळेजांभळे नर उन्हात तेलकट चमकतात, माद्या पोटाकडे करड्या. आवाज मात्र गाण्यासारखा नाही. भरलेल्या घागरीत बुडबुडे यावेत तसा, आणि मध्येच कोणी दात करकरवावेत तसा.

हा पर्पल मार्टिन. भिंगरीच्या कुळातला, उत्तर अमेरिकेतला त्या कुळातला सर्वांत मोठा पक्षी. तरी वजन पन्नास-साठ ग्रॅमच. थंडी ब्राझीलकडे काढायची आणि फेब्रुवारीत इथे हजर व्हायचं.

आजोबा खांबाच्या कमरेचं हँडल फिरवतात. कप्पी कुरकुरते. भोपळ्यांचा सगळा घोस हळूहळू खाली येतो. मला वाटतं, आता पाखरं घाबरून गाव सोडतील. ती फक्त वर जाऊन घिरट्या घालतात, दोन-चार तर विजेच्या तारेवर बसून आमच्याकडे बघत राहतात. दर पाच-सहा दिवसांनी हे होतं. त्यांना सवय आहे.

भोपळा हातात घेते तेव्हा ओळख पटते. काही प्लास्टिकचे आहेत, पण सात-आठ खरे. आपला दुधीच, वेलावर जून होऊ दिलेला, वाळवलेला, पोखरलेला. त्याच्याच गोल, थोराड भावंडाची मिरजेत सतार होते. इथल्या मूळ रहिवाशांनी गोरे लोक यायच्या आधीपासून असे तुंबे टांगलेत. माणसाची इतकी सवय लागली की रॉकी पर्वताच्या पूर्वेला हे पाखरू आता जवळजवळ फक्त माणसानं दिलेल्या घरातच अंडी घालतं. पश्चिमेकडचे भाऊबंद मात्र अजून सुतारपक्ष्याच्या ढोलीत राहतात.

'पांढरा रंग कशाला?' मी विचारते. आजोबा उन्हाकडे बघतात. उत्तर मिळालं.

पहिला तुंबा. बाजूचं झाकण फिरवलं की आत काडीकचरा, आणि वर ठेवलेली हिरवी पानं. ताजी. त्यावर पाच अंडी, खडूसारखी पांढरी. आजोबा वहीत पेन्सिलीनं लिहितात. रोज एक अंडं, मग पंधरा-सोळा दिवस ऊब, मग महिनाभर घास. दुसऱ्यात चार पिल्लं, उघडीवाघडी, डोळे मिटलेले. तिसऱ्यातून कुबट वास येतो. पावसाचं पाणी शिरलंय. आजोबा पिल्लं वाटीत काढतात, ओलं घरटं फेकतात, पाइनच्या वाळल्या सुयांची गादी घालून पिल्लं परत ठेवतात. दीड मिनिट. बाळंतिणीच्या खोलीतल्या सुइणीसारखे हात. नववा तुंबा ते उघडतच नाहीत. आतली पिल्लं बावीस दिवसांच्या पुढची आहेत. झाकण काढलं तर उडता येण्याआधीच बाहेर उड्या मारतील.

अकरावा उघडतात आणि थांबतात. गवत, पिसं, प्लास्टिकचा तुकडा, सगळं घुमटासारखं रचलेलं. आत करड्या ठिपक्यांची अंडी. चिमणी.

आपल्याकडे चिमणीसाठी खोकी टांगतो आपण. मार्चमध्ये तिचा दिवस साजरा करतो. इथे ती घुसखोर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर न्यूयॉर्ककडे युरोपातून आणून सोडलेली. ती मार्टिनची अंडी फोडते, जागा बळकावते. मार्टिनला १९१८च्या कायद्याचं संरक्षण आहे, चिमणीला नाही. आजोबा सगळं घरटं मुठीत धरून कचऱ्याच्या पिशवीत टाकतात. मी दुसरीकडे बघते.

दुसरी दावेदार स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या नात्यातली. १८९०मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात साठेक सोडल्या होत्या, आता सगळा देश त्यांचा. त्यांच्यासाठी तुंब्याचं दारच बदललंय. गोल भोकाऐवजी चंद्रकोर, उंची जेमतेम तीन सेंटिमीटर. मार्टिन पोट घासत आत जातो, जाड छातीची स्टार्लिंग बाहेर राहते.

खांबाच्या मध्यावर पत्र्याचं नळकांडं आहे आणि त्याखाली जाळीचा गुंता. धामणीच्या जातीचा साप सरळ खांबावर चढतो, म्हणून. एका वर्षी जाळी नव्हती, असं आजोबा म्हणतात आणि पुढे बोलत नाहीत. ताटलीत अंड्यांची टरफलं चुरतात. माद्यांना चुना लागतो.

माझ्या घोट्याला डास चावतो. 'हे डास खात नाहीत का?' आजोबा पहिल्यांदा हसतात. ही घरं विकणाऱ्यांनी वर्षानुवर्षं तेच सांगितलं. डास संध्याकाळी, जमिनीलगत. मार्टिन दिवसा, उंच आभाळात. तेवढ्यात एक मादी चोचीत आडवा चतुर धरून येते. हँडल उलटं फिरतं. घोस पुरता वर पोहोचायच्या आत ती दारात लटकलेली असते.

परतताना पलीकडच्या गल्लीतून जाते. तिथे एका बाईंनी गेली तीन वर्षं असाच खांब लावलाय. बारा तुंबे, सगळे रिकामे. यंदा त्यांनी जवळचं झाड छाटलंय. पहाटे अंधारात मार्टिनच्या गाण्याचं रेकॉर्डिंग लावतात, शेजारी कुरकुरतात. जुने पक्षी आपल्या ठिकाणी जातात. नव्या ठिकाणी येतात ती बहुधा गेल्या वर्षीची पोरं, उशिरा.

बाई झाडांना पाणी घालतायत. मी हात करते. त्या ओठांवर बोट ठेवतात.

दांडीवर एक पक्षी बसलाय. ना धड जांभळा ना धड करडा, छातीवर शाईचे डाग पडावेत तसे गडद ठिपके. तो चंद्रकोरीशी जातो. डोकं आत घालतो. बाहेर काढतो. शेजारच्या तुंब्यावर जातो, तिथेही डोकावतो. बाईंच्या हातातला पाइप एकाच कुंडीत वाहतोय. कुंडी भरून पाणी त्यांच्या चपलांवर येतं. त्या हलत नाहीत.