तापाचाही हिशेब मांडता येतो

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. पहिल्या गाडीत दहा डबे, पाच लाख लिटर. टंचाईत घरोघरी टिपाडे, रांजण भरून ठेवतात आणि त्याच स्वच्छ पाण्याच्या कडेला डेंग्यूचा डास अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत डास तयार. म्हणून आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून घासायचे. टंचाईत पाणी ओतवत नाही, हे आम्हालाही कळते. मग ते कापडाने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या, पहिले घासा आणि झाकण ठेवा.

आम्ही कारकून माणसे, हिशेबाचीच भाषा बोलणार. एका गल्लीत पाच जण तापाने पडले, दुसरीतही पाच. साथ सारखीच का? पहिलीत माणसे पन्नास, दुसरीत पाचशे. म्हणजे पहिलीत शंभरात दहा, दुसरीत शंभरात एक. भागाकार केल्याशिवाय साथ दिसत नाही.

नांदेडला आमच्या वस्तीत तापाची लागण झाली, तेव्हा तोंडी तक्रारीला कचेरीत कोणी विचारीना. मग वहीत तीन रकाने पाडले: कोण, कधीपासून, कोणते घर. लिहून घ्यायला आयाबहिणींनीच मदत केली. बहुतेक आजारी घरे एका उघड्या हौदाजवळची निघाली. ती वही साहेबांच्या टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी फवारणीवाले आले.