ग्रे आणि सीव्हर्ट

किरणोत्सर्गाची मात्रा मोजताना आपण नेमके काय मोजतो? एक किलोग्रॅम पदार्थाने एक ज्यूल ऊर्जा शोषली, की शोषित मात्रा १ ग्रे होते. जुन्या पुस्तकांतील १०० रॅड म्हणजे १ ग्रे.

आता एक हिशेब करू. सर्व शरीराला एकदम ४ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर जवळजवळ निम्मी माणसे दगावतात. ६० किलोग्रॅमच्या माणसात ही ऊर्जा भरते अवघी २४० ज्यूल! गरम चहाच्या लहानशा घोटातूनही आपल्याला साधारण एवढीच उष्णता मिळते. मग चहाने काहीच कसे होत नाही?

चहाची उष्णता असंख्य रेणूंत वाटली जाते. हे किरण मात्र अणूंतून इलेक्ट्रॉन उडवतात. त्यामुळे पेशीतील डीएनएचे धागे तुटतात. अल्फा कण ही मोडतोड फार दाटीने करतात. म्हणून कर्करोगासारखा दूरगामी धोका अजमावताना त्यांच्या ग्रेला २० ने गुणतात, क्ष-किरणांच्या ग्रेला १ ने. हे उत्तर सीव्हर्टमध्ये येते.

छातीच्या एका क्ष-किरण तपासणीत सुमारे ०.१ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. तेव्हा बातमीतला आकडा वाचून घाबरण्यापूर्वी किंवा निर्धास्त होण्यापूर्वी त्यापुढचे एकक पाहायला आपण विद्यार्थ्यांना शिकवू या.