नंबर लागला, पण मुदत तीनच दिवसांची

आषाढ-श्रावणात शेतकऱ्याला मान वर करायला फुरसत नसते. पेरणी आटोपली तर कोळपणी, खुरपणी, खताची धावपळ. मध्येच पावसाने ओढ दिली तर डोळे आभाळाकडे. नेमक्या याच दिवसांत बारावी झालेल्या मुलामुलींच्या कॉलेजच्या याद्या लागतात. सांजेला मुलगी मोबाइल घेऊन येते आणि सांगते, "आबा, नंबर लागला. पण परवापर्यंत कळवायचं आहे." घरात आनंद होतो, देवापुढे साखर ठेवली जाते, आणि जेवणं झाल्यावर खरा प्रश्न पुढे येतो. ही जागा घ्यायची की नाही?

मग काय होते, ते तुम्ही आपल्या किंवा शेजारच्या घरी पाहिलेच असेल. पहिला दिवस भावकीला विचारण्यात जातो. दुसऱ्या दिवशी तालुक्याला गेलेला कुणी पाहुणा भलतेच सांगून जातो. तिसऱ्या दिवशी फॉर्म भरणारा दुकानदार म्हणतो, "साइट चालत नाही, थांबा." न कळवणे हेदेखील प्रवेशाच्या नियमात एक उत्तरच असते, आणि ते उत्तर 'नको' असे धरले जाते. जागा पुढच्या मुलाकडे जाते.

म्हणून, बंधू-भगिनींनो, एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. हा निर्णय तीन दिवसांत करायचाच नसतो. मुलाने पसंतीक्रमाचा फॉर्म भरला, त्या दिवशीच तो अर्धाअधिक झालेला असतो. हे कसे, ते जरा सावकाश पाहू.

आपल्या राज्यात अभियांत्रिकी, औषधनिर्माण, कृषी अशा अभ्यासक्रमांचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष एकत्रितपणे करतो. मुलगा कॉलेजांची नावे क्रमाने लिहून देतो. गुण आणि आरक्षण पाहून यादीत वरपासून जी जागा पहिल्यांदा मिळण्यासारखी असेल, ती त्याला दिली जाते. अशा एकामागून एक फेऱ्या होतात. मिळालेली जागा पसंत असेल तर ती कायम करून कॉलेजात जायचे आणि फी भरायची. तेवढी पसंत नसेल तर ती हातात धरून पुढच्या फेरीत वरच्या जागेची वाट पाहता येते. पण वरची मिळाली की खालची आपोआप जाते. "तीच बरी होती" असे मागून म्हणता येत नाही.

यातली मेख ज्याला कळली नाही, तो फसतो. अभियांत्रिकीच्या २०२५-२६ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर तीच पक्की धरली गेली. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणतीही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणतीही. अशा मुलाला पुढच्या फेरीची वाट मोकळी राहत नाही. अकरावीचे प्रवेशही २०२५-२६ पासून साऱ्या राज्यात याच धर्तीवर ऑनलाइन झाले, आणि तिथेही पहिली पसंती नाकारणाऱ्याला पुढच्या नियमित फेऱ्या बंद होत्या. नियमात दरसाल थोडाफार बदल होतो, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका घरातल्या शिकलेल्या माणसाने एकदा तरी पुरती वाचावी. पण मूळ तत्त्व तेच राहते. जिथे मुलाला पाठवायची तयारी नाही, ते नाव यादीच्या वरच्या अंगाला लिहूच नये. दुकानदार म्हणतो, "मोठं नाव आहे, टाकून ठेवू." त्याचे काय जाते? निस्तरायचे तुम्हाला असते.

यादी लिहिताना म्हणूनच सगळे घर बसले पाहिजे. प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न विचारा: उद्या इथे नंबर लागला तर आपण खरोखर पाठवू का? उत्तर 'हो' असेल तरच नाव ठेवा. हे काम जूनमध्ये पेरणीपूर्वी उरकले असेल, तर यादी लागल्यावर पैसा, राहणे आणि कागद एवढेच उरते.

आता पैशाचे. कॉलेजची छापील फी पाहून पुष्कळ घरे घाबरतात, आणि पुष्कळ घरे ती कमी पाहून फसतात. दोन्ही चुकीचे. सवलती खऱ्या आहेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. खुल्या गटातल्या गरजू मुलांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यासाठी अर्ज करता येतो. अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

मात्र फीमाफी ही केंद्रीय फेरीतून मिळालेल्या जागेलाच असते. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या जागेला ती लागू होत नाही. एखादा दलाल घरी येतो आणि सांगतो, "फेरीची वाट कशाला पाहता, आमच्याकडे जागा आहे, आज पैसे भरा." त्याच्या घाईत पडून सवलत तर जातेच, वर देणगीही द्यावी लागते. त्यासाठी रान विकणारी माणसे आहेत. माझे स्पष्ट मत आहे की कोट्याच्या जागेसाठी एक गुंठाही विकू नये. वाडवडिलांची जमीन एकदा गेली की ती मुलाच्या पगारातून सहजी परत येत नाही, आणि धाकट्या भावंडांच्या वाट्याचे काय, हाही प्रश्न राहतोच.

कर्ज काढायचेच तर शैक्षणिक कर्ज काढावे. सावकाराकडे जाऊ नये, आणि पीककर्जाचे पैसेही तिकडे वळवू नयेत. शैक्षणिक कर्जाचे हप्ते साधारणपणे शिक्षण संपून वर्षभराने सुरू होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक नामांकित संस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदार न देता कर्ज मिळते. आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. आपले कॉलेज त्या यादीत आहे की नाही, हे बँकेत आधीच विचारून ठेवावे. मुदतीच्या तीन दिवसांत बँकेचा साहेब रजेवर असतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे!

फीपेक्षा जड जाते ते राहणे आणि खाणे. प्रवेश मिळाला म्हणजे वसतिगृह मिळाले असे नव्हे. त्याचा अर्ज वेगळा, यादी वेगळी, आणि पुष्कळदा ती यादी कॉलेजच्या मुदतीनंतर लागते. तेव्हा खोलीचे भाडे, मेस, पुस्तके आणि महिन्याला एकदा गावी येण्याचे भाडे यांचा बाराही महिन्यांचा हिशेब वहीत मांडा. मुलींना २०२३ पासून एसटीचे तिकीट अर्धे झाले, तेवढा एक आधार. हा आकडा मांडल्यावर घराजवळचे साधे कॉलेज आणि शहरातले नावाचे कॉलेज यांतला फरक खरा दिसू लागतो. कधी लांबचेही परवडते, कारण तिथे सरकारी संस्था असते आणि फी थोडी असते.

एक पेच आपल्या घरांत हमखास येतो. मुलाचा अर्ज अभियांत्रिकीला असतो आणि कृषी पदवीलाही. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे. त्यांच्याकडचा पदवीचा अभ्यास चार वर्षांचा, आणि शेवटच्या वर्षात खेड्यात राहून काम करण्याचाही भाग त्यात आहे. या दोन्ही प्रवेशांचे वेळापत्रक वेगवेगळे असते. एकीकडे मुदत संपत येते, दुसरीकडची यादी अजून लागलेली नसते. अशा वेळी हातातली जागा सोडून आशेवर बसू नये. ती घ्यावी, आणि दुसरी मिळाली तर ठरलेल्या अंतिम तारखेच्या आत पहिली रीतसर रद्द करावी. थोडी रक्कम कापून फी परत मिळते. ती तारीख मात्र घरातल्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा. ती उलटली की पैसे अडकतात.

आणि मुलीचे काय? तिचा नंबर लागला की अजूनही कित्येक घरी पहिला शब्द निघतो, "इतक्या लांब?" मुलाच्या वेळी तो निघत नाही. काळजी खोटी नाही, ती मी समजू शकतो. पण काळजीचे उत्तर चौकशीत असते. मुदतीच्या आत एक दिवस काढा, आईने आणि वडिलांनी दोघांनीही जाऊन यावे. वसतिगृह पाहा, रेक्टर बाईंशी बोला, तिथे राहणाऱ्या आपल्या भागातल्या मुलींना भेटा. कोळपणी एक दिवस मागे पडली तर पीक बुडत नाही. पाहून आल्यावर नाही म्हणायचे असेल तर म्हणा, पण घरी बसून म्हणू नका. आणि मुलीलाही विचारा. ती चुलीपाशी गप्प बसली म्हणजे तिचा होकार आहे असे समजू नका.

आता शेवटच्या दिवसाचे. मुदत रात्री बारापर्यंतच असते असे नाही, दुपारीच संपू शकते. म्हणून वेळही पाहून ठेवा. फॉर्मवर मोबाइल नंबर घरचाच द्या, दुकानदाराचा नको; सारे संदेश त्याच नंबरवर येतात. पासवर्ड मुलाने स्वतःच्या वहीत लिहावा. जागा स्वीकारल्याची पावती छापून घ्या आणि कॉलेजात जाताना सोबत न्या. जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, हे दाखले निकालाआधीच काढलेले असावेत. नॉन-क्रीमीलेअरवरची ३१ मार्चची तारीख तपासा, मुदत उलटलेला दाखला चालत नाही.

मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला दाखवायला न्या, पण तपासून झाल्यावर परत मागा. मूळ कागद अडकवून ठेवायचे नाहीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये महाविद्यालयांना बजावले आहे. कुणी ठेवून घेऊ लागलेच तर लेखी पोच मागा. जाण्याआधी प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स काढून घरच्या ट्रंकेत ठेवा. वसतिगृहाच्या, शिष्यवृत्तीच्या आणि बँकेच्या अर्जाला त्याच लागतात.