टायरमधील हवेचा दाब : जुन्या स्पोर्ट्स मोटारगाड्या

मोटारगाडीचा भार मुख्यत्वे टायरमधील दाबयुक्त हवा पेलते. रबर व त्यातील धाग्यांचे थर त्या हवेला आकारात बांधून ठेवतात. एका चाकावर २५० किग्रॅ. भार आणि टायरमध्ये १.७६ किग्रॅ./सेंमी.² दाब असल्यास टायरचा रस्त्याला टेकणारा भाग सु. १४० सेंमी.², म्हणजे साधारण तळहाताएवढा असतो. वळणे, थांबणे व वेग घेणे या सर्व क्रिया अशा चार तळहातांवर अवलंबून असतात. पेट्रोल पंपावर व पंक्चरच्या दुकानात हा दाब ‘पौंडां’त सांगतात, म्हणजे दर चौरस इंचास पौंड, १ किग्रॅ./सेंमी.² म्हणजे १४.२ पौंड. पुढील आकडे याच एककात आहेत.

पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या हलक्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी निर्मात्यांनी सुचविलेले दाब आजच्या मानाने फार कमी वाटतात. एम.जी.बी. (१९६२–८०) या दोन आसनी गाडीच्या रेडियल टायरांसाठी पुढे २१ व मागे २४ पौंड सांगितलेले असत. हवा भरणारा कामगार सवयीने चारही चाकांत ३० ते ३५ पौंड हवा भरतो व मालकाला ते योग्यच वाटते. यात दोन चुका होतात. दाब वाढल्याने गाडी उसळते व खडबडीत रस्त्यावर पकड कमी होते, ही त्यांतील लहान चूक. पुढच्या व मागच्या चाकांतील फरक पुसला जातो, ही मोठी.

वळण घेताना चाक ज्या दिशेला वळविलेले असते त्या दिशेला टायर तंतोतंत जात नाही. त्यात थोडा कोन पडतो. हवा कमी असल्यास हा कोन वाढतो. म्हणून पुढची हवा मागच्यापेक्षा कमी ठेवली, की गाडीचे पुढचे टोक आधी बाहेर सरकू लागते व चालकाला धोक्याची पूर्वसूचना मिळते. मागचे टोक आधी सरकल्यास गाडी गरकन फिरते. शेव्हरले कंपनीच्या कॉर्व्हेअर या मागे एंजिन असलेल्या गाडीसाठी (१९६० पासून) पुढे १५ व मागे २६ पौंड दाब सांगितलेला होता. गाडीचे स्थैर्य या ११ पौंडांच्या फरकावर बरेचसे विसंबून होते आणि तो पाळणारे मालक थोडेच असत. राल्फ नेडर यांनी १९६५ साली ‘अन्सेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात यावर कठोर टीका केली. १९७२ मधील अमेरिकी शासनाच्या अहवालात ही गाडी समकालीन गाड्यांहून अधिक धोकादायक नसल्याचे म्हटले आहे. तथापि इतका नाजूक फरक हवा भरणाऱ्याच्या भरवशावर सोडणे हा दोषच मानावा लागेल.

अहमदनगरजवळ (आता अहिल्यानगर) संरक्षण खात्याची व्हीआरडीई ही वाहनसंशोधन संस्था आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार नव्या वाहनांचे नमुने तपासणाऱ्या संस्थांत तिचा समावेश होतो. जुन्या गाडीचा दाब मात्र मालकालाच ठरवावा लागतो. हा जिल्हा त्यासाठी चांगले उदाहरण आहे. शहराची उंची सु. ६५० मी. असल्याने तेथील वातावरणाचा दाब मुंबईपेक्षा सु. १ पौंडाने कमी असतो. मापक टायरमधील व बाहेरील दाबांतील फरक दाखवितो. म्हणून मुंबईत भरलेली हवा माळशेज घाट चढून नगरला आल्यावर, तापमान तेच असल्यास, सु. १ पौंड अधिक दिसते. तापमानाचा परिणाम याहून मोठा आहे. मे महिन्यात दुपारी ४०° से. तापमानात २४ पौंड भरलेल्या टायरमध्ये जानेवारीच्या पहाटे १०° से. असताना, हवा मुळीच गळाली नाही तरी, सु. २० पौंडच उरतात. ऋतू बदलताच दाब तपासणे म्हणूनच आवश्यक ठरते. तपासणी गाडी किमान तीन तास सावलीत उभी असताना करावी. प्रवासात टायर तापून दाब वाढला म्हणून हवा सोडणे चूक आहे, कारण थंड झाल्यावर दाब नको तितका घटतो. उलट ही वाढ पाच-सहा पौंडांहून अधिक असेल, तर मूळ हवाच कमी होती असे समजावे. कमी हवेचा टायर अधिक दबतो व त्यामुळे अधिक तापतो.

मूळ टायर क्रॉस-प्लाय प्रकारचे असतील व आता रेडियल बसविले असतील, तर पुस्तिकेतील क्रॉस-प्लायचा आकडा जसाच्या तसा लागू पडत नाही. रेडियल टायरच्या बाजू योग्य दाबातही थोड्या फुगीर दिसतात. ते पाहून हवा वाढविण्याचे कारण नाही. टायरच्या बाजूवर छापलेला कमाल दाब ही मर्यादा आहे, शिफारस नव्हे. मूळ टायरपेक्षा कमी उंचीचे टायर बसविल्यास हवेचे घनफळ घटते व तोच भार पेलण्यास अधिक दाब लागतो. अशा वेळी पुस्तिकेतील पुढच्या-मागच्या दाबांतील फरक कायम ठेवून दोन्हीकडे दोन-दोन पौंड वाढवीत जावे. प्रत्येक वेळी नक्षीवर खडूची आडवी रेघ ओढून सरळ रस्त्यावर थोडे अंतर जावे : रेघ कडांना आधी पुसली गेल्यास हवा कमी, मध्यभागी आधी गेल्यास अधिक. एकाच गाडीत दोन्ही प्रकारचे टायर टाळावेत. पुढे रेडियल व मागे क्रॉस-प्लाय ही जोडणी तर कधीही करू नये.

पावसाळ्यात कमी हवेचा तोटा वेगळ्या रीतीने जाणवतो. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. विमानांच्या टायरांवरील प्रयोगांतून निघालेल्या सूत्रानुसार २५ पौंडांस तो ताशी सु. ८३ किमी., तर २० पौंडांस सु. ७५ किमी. येतो. मोटारगाडीच्या बाबतीत नक्षीची खोली व पाण्याची जाडी यांनुसार हे आकडे बदलतात.

पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी स्वतंत्र नोंदणी सुरू केली. अशी गाडी रोजच्या वापरास नसून प्रदर्शन, फेरी, इंधन व दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. साहजिकच ती आठवडेच्या आठवडे उभी राहते. ट्यूबमधून हवा हळूहळू झिरपते व टेकलेली जागा चपटी होते. तारांच्या आऱ्यांच्या चाकांत तर ट्यूब सहसा अनिवार्यच असते. गाडी दीर्घकाळ उभी ठेवताना काही पौंड हवा अधिक भरावी व बाहेर काढण्यापूर्वी ती नेहमीच्या दाबावर आणावी. नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाबरोबर कडक होऊन भेगाळते, आणि अशा टायरचा दोष हवा कितीही अचूक भरली तरी जात नाही.