प्रार्थनेला हात जोडायचे, ते कोणाच्या मर्जीने?

जूनमध्ये शाळा उघडली की आपल्या मुळशी तालुक्यातल्या बौद्ध वस्त्यांत एक प्रश्न हमखास निघतो. मुले घरी त्रिशरण-पंचशील म्हणतात, विहारात वंदनेला बसतात आणि शाळेत सरस्वतीच्या तसबिरीपुढे हात जोडून उभी राहतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या आई-बापांनी काय करावे? पिरंगुटला कारखान्यात पॅकिंगचे काम करणारी एक भगिनी मला म्हणाली, "भाऊ, पोरगी विचारते, मी हात खाली ठेवले तर बाई रागावतील का? तिला काय सांगू?"

"सक्ती नाही हो, ऐच्छिक आहे," असे गुरुजी सांगतात. पण रांगेतल्या सगळ्या पोरांनी हात जोडलेले असताना आठ वर्षांच्या मुलीची इच्छा ती कसली? तिला दिसते ती बाईंची नजर.

कायदा याबाबत मुका नाही. संविधानाचे कलम २८ सांगते की, संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. जिल्हा परिषदेची शाळा यातच आली. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला हजर राहण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. त्यासाठी त्याची संमती लागते आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची. हे नीट वाचा. आपले लोक समजतात की सूट मागायला आपण शाळेत जायचे. प्रत्यक्षात संमती शाळेने आपल्याकडे मागायची आहे. आपण गप्प बसलो म्हणजे संमती दिली, असे त्या कलमात कोठेही नाही.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा बाबासाहेबांनी रोखठोक कारणे दिली. कराचा पैसा एका धर्मासाठी वापरता येणार नाही. देशात धर्म अनेक. सर्वांची सोय सरकारी शाळेत कशी लावणार? शिवाय प्रत्येक धर्म म्हणतो मुक्तीचा मार्ग माझाच, मग शाळेत शांतता कशी राहणार?

आता नाशिकचे प्रकरण. संजय साळवे हे बुद्धाचा विचार मानणारे शिक्षक. शाळा सावित्रीबाई फुले यांच्या नावाची! २००७ मध्ये प्रार्थनेच्या वेळी ते इतरांबरोबर उभे राहिले, पण हात जोडले नाहीत. ही बेशिस्त ठरली आणि पुढे त्यांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. २०१३ मध्ये न्या. अभय ओक व न्या. रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, हात जोडण्याची सक्ती हा सदसद्विवेकाच्या मूलभूत हक्काचा भंग आहे. त्यांचा हक्काचा पगार देण्याचाही आदेश झाला.

त्याआधी केरळात तीन भावंडांना शाळेतून काढले होते. दहावी, नववी आणि पाचवीची ही मुले यहोवाचे साक्षीदार या पंथाची. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहत, पण गात नसत. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना शाळेत परत घ्यायला लावले. आपली मुले राष्ट्रगीत खड्या आवाजात म्हणतात आणि म्हणावेच. पण मुलाच्या मनावर शाळेची मालकी नाही, हे त्या निकालाने ठरले.

शाळेतली प्रार्थना हे धार्मिक शिक्षण ठरते काय, हा वाद केंद्रीय विद्यालयांच्या याचिकेत आला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोठ्या खंडपीठाकडे पाठवण्यास सांगितले. त्या निकालावर सगळे सोडून आपण स्वस्थ बसावे, असे मात्र मला वाटत नाही.

परिपाठातले सगळेच नाकारायचे नाही. प्रतिज्ञा आपली आहे. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत संविधानाची प्रास्ताविका वाचण्याचा आदेश झाला, तीही आपलीच. साने गुरुजींच्या प्रेमाच्या धर्माच्या गीताला हरकत घ्यावी असे काही मला दिसत नाही. आणि एक कडू गोष्ट आपल्यालाही लागू आहे. आपली एखादी संस्था सरकारी अनुदान घेत असेल, तर तेथे शिकणाऱ्या मराठा, मातंग, मुसलमान मुलांना बुद्धवंदनेला बसवतानाही पालकाची संमती घेतलीच पाहिजे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया. आपल्या वस्तीतली एक तरी आई त्या समितीत गेली पाहिजे. भांडायला नको, बैठकीत विषय मांडायला.

अर्ज साधा लिहावा: "मा. मुख्याध्यापक यांस, माझी मुलगी शाळेच्या परिपाठाला शिस्तीने उभी राहील. देवतेच्या प्रार्थनेत व पूजेत तिने भाग घेण्यास माझी संमती नाही. भारतीय संविधान, कलम २८ (३)." खाली सही किंवा अंगठा, तारीख. दोन प्रती कराव्यात. एक शाळेत द्यावी, दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि ती रेशनकार्डाबरोबर जपून ठेवावी.