एसएलआरचा दणका आणि फौजींची आवड

सिंधुदुर्ग जिल्ह्यात माजी सैनिकांची वानवा नाही. सावंतवाडी तालुक्यातील आंबोली, चौकुळ यांसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण फौजेत जात आले आहेत. त्यांतील बरेच जण बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रावर शिपाई झाले. निवृत्तीनंतर ही मंडळी गावी परततात, कलमांची बाग पाहतात, कोणी मालवण-कुडाळच्या बँकेच्या दारात सुरक्षारक्षक म्हणून उभे राहतात. दोन फौजी एकत्र आले की एक वाद हमखास निघतो : सगळ्यांत चांगली रायफल कोणती? साठी ओलांडलेल्यांचे उत्तर बहुधा ठरलेले असते, "एसेलारची सर दुसऱ्या कशाक येवची नाय!"

या उत्तरावरून माणूस साधारण केव्हा भरती झाला ते ओळखता येते. १९६२च्या चीन युद्धात आपल्या पायदळाच्या हाती प्रामुख्याने थ्री-नॉट-थ्री होती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागेपुढे करावा लागणारी ही ब्रिटिश बनावटीची ली-एनफिल्ड. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातून एसएलआर, म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल येऊ लागली. १९७१च्या युद्धापासून १९८७ ते १९९०मधील श्रीलंकेच्या मोहिमेपर्यंत जवानांच्या खांद्यावर मुख्यतः तीच होती. नव्वदीच्या दशकाअखेर पुण्यात पाषाणच्या शस्त्र संशोधन संस्थेने आराखडा केलेली इन्सास आली. काश्मीरमध्ये घुसखोरविरोधी कामावर असलेल्यांच्या हाती एके-४७ आली. ज्या रायफलवर माणूस नेम धरायला शिकतो, कोतमधून रोज जिचा बट नंबर सांगून ती मागून घेतो, तिच्यावर त्याचा जीव जडणारच. पण एसएलआरविषयीचे प्रेम निव्वळ तरुणपणाच्या आठवणींचे नाही. त्यात नववी-दहावीच्या पुस्तकातील भौतिकशास्त्र बरेच आहे.

आधी आकडे पाहू. नळीच्या तोंडाशी गोळीचे वस्तुमान, वेग, संवेग आणि गतिज ऊर्जा साधारण अशी असते :

थ्री-नॉट-थ्री : ११.३ ग्रॅम, ७४४ मीटर/सेकंद, ८.४ किग्रॅ-मीटर/सेकंद, ३१३० जूल
एसएलआर : ९.५ ग्रॅम, ८४० मीटर/सेकंद, ८.० किग्रॅ-मीटर/सेकंद, ३३५० जूल
एके-४७ : ८.० ग्रॅम, ७१५ मीटर/सेकंद, ५.७ किग्रॅ-मीटर/सेकंद, २०४५ जूल
इन्सास : ४.० ग्रॅम, ९०० मीटर/सेकंद, ३.६ किग्रॅ-मीटर/सेकंद, १६२० जूल

शेवटचे दोन रकाने विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावेत. ग्रॅमचे किलोग्रॅम करायला निम्मा वर्ग विसरतो आणि गोळीची ऊर्जा एखाद्या मालगाडीएवढी येते. ती चूक होऊ द्यावी, मग तपासायला लावावी.

इन्सासच्या गोळीपेक्षा एसएलआरची गोळी दुपटीहून अधिक ऊर्जा घेऊन निघते. एसएलआर आणि एके या दोन्ही '७.६२'च्या रायफली म्हणवतात, पण ७.६२ मिलिमीटर हा केवळ नळीचा व्यास झाला. एसएलआरच्या काडतुसाचे कवच ५१ मिलिमीटर लांब, एकेचे ३९. लांब काडतुसात दारू जास्त मावते आणि गोळीचा वेग वाढतो. 'सेव्हन-सिक्स-टू म्हणजे सारखेच' असे खुद्द काही फौजीही म्हणतात, ते बरोबर नाही.

आता दणक्याकडे वळू. गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे येते, हे उदाहरण न्यूटनच्या तिसऱ्या नियमाखाली सगळ्याच पुस्तकांत असते. तिथे बंदुकीचा मागे येण्याचा वेग काढायला सांगतात आणि गणित संपते. पण पुस्तकातले गणित एक गोष्ट गाळते. नळीतून गोळीबरोबर जळलेल्या दारूचा वायूही बाहेर पडतो, आणि गोळीपेक्षा अधिक वेगाने. एसएलआरच्या काडतुसात सुमारे ३ ग्रॅम दारू असते. तिचा वायू सरासरी १२०० मीटर/सेकंद वेगाने सुटतो असे धरले, तर त्याचा संवेग ३.६ होतो. गोळीचा ८ मिळवून ११.६. भरलेली रायफल अंदाजे ५ किलोची, म्हणून ती २.३ मीटर/सेकंद वेगाने मागे येते आणि तिची गतिज ऊर्जा सुमारे १३ जूल भरते. गोळीकडे ३३५० जूल आणि खांद्याला १३! संवेग तोलामोलाचा, ऊर्जेची वाटणी मात्र अशी विषम. कारण संवेग सारखा असताना ऊर्जा वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाते, आणि रायफल गोळीच्या पाचशेपट जड आहे.

इन्साससाठी हेच गणित केले (दारू १.७ ग्रॅम, भरलेली रायफल साडेचार किलो) तर एकूण संवेग ५.६, मागे येण्याचा वेग सव्वा मीटर/सेकंद आणि ऊर्जा जेमतेम साडेतीन जूल येते. म्हणजे गोळीची ऊर्जा निम्मी झाली, पण खांद्यावरचा दणका जवळजवळ चौथाईवर आला. संवेग निम्मा झाला की मागच्या धक्क्याची ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात घटते. लहान गोळीकडे वळलेल्या सैन्यांना हा हिशेब माहीत होता. नव्या रंगरुटाने दणक्याच्या धास्तीने घोडा दाबतानाच डोळे मिटले, तर ३३५० जूलचा उपयोग काय? लागलेली छोटी गोळी चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा भारी.

उस्ताद रंगरुटाला ओरडून सांगत असतो, बट खांद्याच्या खोबणीत घट्ट दाबून धर. त्याचाही अर्थ याच गणितात आहे. बट आणि खांदा यांत बोटभर फट राहिली तर पाच किलोची रायफल वेग घेऊन हाडावर आदळते. घट्ट धरली तर रायफल आणि शरीराचा वरचा भाग एकदम मागे जातात, तोच संवेग जास्त काळात आणि जास्त वस्तुमानावर पसरतो, म्हणून बल कमी लागते. क्रिकेटपटू झेल घेताना हात मागे नेतो, त्यातलाच हा प्रकार. नळीचे तोंड वर का उसळते? नळीची रेषा खांद्याच्या आधारबिंदूच्या वर असते, त्यामुळे मागच्या बलाचे घूर्णन तयार होते.

वर्गात बंदुकीची गरज नाही. दोन चाकांच्या गाड्या घ्याव्यात, मधे दाबलेली स्प्रिंग ठेवून दोन्ही दोऱ्याने बांधाव्यात. दोरा काडीने जाळला की गाड्या विरुद्ध दिशांना पळतात. एका गाडीवर दगड ठेवून वस्तुमान दुप्पट, तिप्पट करावे आणि ठराविक अंतर कापायला लागणारा वेळ मोजावा.

याच गणितावरून एका लोकप्रिय समजुतीचाही निकाल लागतो. सिनेमात गोळी लागलेला माणूस चार हात मागे उडून काचेतून पडतो, आणि 'एसएलआरची गोळी माणसाला उडवते' असे गप्पांतही ऐकू येते. गोळीचा सगळा संवेग, म्हणजे ८, पासष्ट किलोच्या माणसात राहिला असे धरले तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला बारा सेंटिमीटर. मुंगीला मोठा, माणसाला नगण्य. शिवाय गोळी झाडणाऱ्याच्या खांद्याला वायूमुळे त्याहून जास्त संवेग मिळालेला असतो, आणि तो तर उडून पडत नाही. माणूस कोसळतो तो शरीर आतून फाटल्यामुळे, रक्तस्राव आणि मज्जासंस्थेवरील आघातामुळे. ते काम ऊर्जेचे आहे, संवेगाचे नव्हे.

मग इतकी दमदार रायफल सैन्याने का सोडली? पहिले कारण वजन. एसएलआरचे एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचे, इन्सासचे १२ ग्रॅमचे. शंभर काडतुसे म्हणजे २.४ किलो की १.२ किलो, हा प्रश्न आंबोलीचा घाट पाठीवर ओझे घेऊन चढलेल्याला समजावून सांगावा लागत नाही. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या नेता येतात. जवळच्या लढाईत गोळ्या किती लवकर संपतात याचे एक उदाहरण कोकणातलेच आहे. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनच्या मोर्चावर एकट्याने हल्ला केला. त्यांच्याजवळ टॉमी गन होती. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांशी ते बंदुकीच्याच दस्त्याने लढले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे कारण लांबी. एसएलआर १.१४ मीटर लांब, म्हणजे सातवीतल्या मुलाच्या छातीपर्यंत येईल एवढी. श्रीलंकेच्या झाडीत समोरच्याकडे आखूड, भराभर गोळ्या सोडणारी एके होती. तिथे लांब पल्ल्याचा फायदा झाडाझुडपांनीच काढून घेतला. ज्यांनी ते दिवस पाहिले त्यांतील काही जण एकेचे नाव घेतात, आणि त्यांचेही चुकत नाही.

इन्सासची सुरुवात मात्र अडखळत झाली. १९९९च्या कारगिल युद्धात कडाक्याच्या थंडीत तिची प्लॅस्टिकची मॅगझिन तडकत असल्याच्या तक्रारी आल्या. थंडीत बहुवारिके ठिसूळ होतात, हा धडा रसायनशास्त्राच्या तासाला वापरण्याजोगा आहे. पुढे सुधारणा झाल्या, पण पहिल्या अनुभवाची अढी राहिली. उघड्या डोंगरावर दूरचे लक्ष्य असते तेव्हा अधिक वजनाची गोळी हवी, हा मुद्दाही राहिला. गोळीच्या समोरच्या क्षेत्रफळाच्या मानाने वस्तुमान जितके जास्त तितका हवेचा अडथळा तिला कमी मंद करतो. त्या हिशेबात एसएलआरची गोळी इन्सासच्या गोळीपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी सरस आहे. फेब्रुवारी २०१९मध्ये भारताने ७२,४०० सिग ७१६ रायफलींचा करार केला. या रायफलीचे काडतूस कोणते? ७.६२ गुणिले ५१, म्हणजे एसएलआरचेच. निवृत्त हवालदारांच्या मिशांना त्या आठवड्यात पीळ पडला असेल, तर तो रास्त होता.

पिस्तुलाचे चाहते जवानांत थोडेच, कारण ते मुख्यतः अधिकाऱ्यांचे हत्यार. त्याने नेम कठीण का, हे समरूप त्रिकोणांनी सांगता येते. आपल्याकडच्या ९ मिलिमीटरच्या पिस्तुलात मागची खाच आणि पुढची माशी यांत अंतर सुमारे १६ सेंटिमीटर. माशी एक मिलिमीटर हलली तर २५ मीटरवर गोळी साडेपंधरा सेंटिमीटर बाजूला जाते. एसएलआरमध्ये हे अंतर अर्ध्या मीटरहून थोडे जास्त, म्हणून तीच चूक साडेचार सेंटिमीटरवर भागते.

बँकेच्या दारातील फौजीच्या हाती मात्र यांतले काहीच नसते. लष्करी काडतुसांच्या रायफली सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, म्हणून तिथे असते बारा बोअरची दुनळी. आपल्या गावांत रानडुकरांपासून शेती राखायच्या परवान्यावरही अशा बंदुका असतात आणि निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. 'बारा बोअर' म्हणजे काय? नळीच्या व्यासाएवढे शिशाचे बारा गोळे केले तर ते मिळून एक पौंड, म्हणजे ४५३.६ ग्रॅम भरतात. शिशाची घनता ११.३ धरून विद्यार्थ्यांनी व्यास काढावा, १८.५ मिलिमीटर येतो. हिच्यातून एका वेळी तीस-बत्तीस ग्रॅम छर्रे सुटतात आणि बंदूक असते फक्त तीन-सव्वातीन किलोची. दणका काढून पाहा, तीस जूलच्या आसपास येईल. आयुष्यभर एसएलआर चालवलेल्या माणसाला सर्वांत मोठी लाथ अशी निवृत्तीनंतर बसते.

खांद्याचे दुखणे दोन दिवसांत थांबते, कानाचे थांबत नाही. रायफलीच्या बाराचा आवाज झाडणाऱ्याच्या कानापाशी क्षणभर दीडशे ते एकशेसाठ डेसिबेलपर्यंत जातो. अशा स्फोटक आवाजासाठी एकशेचाळीसच्या वर धोका मानतात, आणि दर वीस डेसिबेलला हवेचा दाब दहापट होतो. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. कोंबडीच्या कानात त्या मेल्या तर नव्या उगवतात, माणसाच्या कानात नाही. प्रथम बळी पडतो तो चार हजार हर्ट्‌झच्या आसपासचा भाग. त्यामुळे आवाज ऐकू येतो, पण स, श, फ, थ ही अक्षरे पुसट होतात आणि लहान मुलांचे बोलणे कळेनासे होते. यात पुन्हा साधी भूमिती आहे. उजव्या खांद्याने रायफल चालवणारा मान उजवीकडे कलवतो, त्यामुळे डावा कान नळीच्या तोंडाकडे येतो आणि उजवा डोक्याच्या सावलीत राहतो. म्हणून वर्षानुवर्षे कानात बोळे न घालता चांदमारी केलेल्या फौजींचा डावा कान बहुधा जास्त गेलेला आढळतो, आणि डावीकडून हळू बोलणाऱ्या नातवाला आपले म्हणणे दोनदा सांगावे लागते.