पोथीतला वार

आमच्या लालबागच्या चाळीत तळमजल्याला तालीम होती. पहिली पाळी सुटली की गिरणीतले लोक डबे कोनाड्यात ठेवून तिथे उतरत. कुस्ती, लाठी, फरीगदगा आणि आठवड्यातून दोनदा जंबिया. वडील जंबिया शिकले. मी शिकलो नाही. मला तेव्हा क्रिकेटचं वेड होतं. १९८२च्या संपानंतर निम्मी तालीम गावाला गेली, उरलेल्यांनी दुसरे उद्योग धरले. आज त्या हौद्याच्या जागेवर लाद्या आहेत आणि मोटारसायकली उभ्या असतात.

वडील गेल्यावर ट्रंकेत लाकडी जंबिया सापडला आणि त्याखाली मुखपृष्ठ फाटलेली, तीसेक पानांची एक पुस्तिका. लेखकाचं नाव नाही, साल नाही. डाव्या पानावर मजकूर, उजव्या पानावर दोन माणसांचं चित्र. शिकवणारा कुणी उरलेला नसताना एवढ्यावरून विद्या परत उभी करता येईल का, हा प्रश्न मी वयाच्या पन्नाशीत, गच्चीवर दोन पुतण्यांना हाताशी धरून सोडवायला घेतला.

हा उद्योग एकट्या माझाच नाही हे पुढे कळलं. युरोपात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून माणसं मध्ययुगीन शस्त्रविद्या हस्तलिखितांवरून पुन्हा शिकत आहेत. त्यातलं आपल्याला जवळचं शस्त्र म्हणजे 'लांगेस मेसर', शब्दशः लांब सुरी. लांबी तलवारीची, मूठ मात्र सुरीसारखी, पात्याच्या शेपटाला दोन बाजूंनी पट्ट्या ठोकलेली, आणि बोटं वाचावीत म्हणून बाजूला एक खिळा. त्यावरचा सर्वांत मोठा ग्रंथ योहान्नेस लेक्युखनर नावाच्या एका ख्रिस्ती पाद्र्याने लिहिला. त्याची १४८२ची सचित्र प्रत म्युनिकच्या ग्रंथालयात आहे आणि घरबसल्या पाहता येते. पाद्री ज्या हेर्त्सोगेनाउराख गावचा, ते आज आदिदास आणि पुमा या बुटांच्या कंपन्यांसाठी ओळखलं जातं. माझं सगळं घोडं पुढे पायांपाशीच अडणार होतं, म्हणून हे लक्षात राहिलं.

ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. आधी यमक जुळवलेली कोड्यासारखी ओवी, मग गद्यात टीका, मग चित्र. ओवी पाठांतरासाठी, नवख्याला तिचा अर्थ लागत नाही. पवित्र्यांना नावं आहेत बैल, रानडुक्कर, बुरूज, टेहळणी. आपल्याकडे वारांची नावं शरीरावरून पडली: शीर म्हणजे डोक्यावर, तमाचा गालाकडे, कमर कमरेकडे. त्यांचं नाव मी कसा उभा आहे ते सांगतं, आपलं नाव मी कुठे मारणार ते. कवायतीत पन्नास पोरांना हुकूम द्यायचा तर आपली पद्धत सोयीची, असं माझं मत. पाद्रीबुवांना विनोदाचंही अंग होतं. एका डावात प्रतिस्पर्ध्याला चक्क पोत्यात घातलंय, तर दुसऱ्यात त्याला खाली दाबून विजेता वर पटाचा खेळ मांडून बसलाय.

आपल्याकडे लिहून ठेवायची हौस कमी, असं म्हणण्याची पद्धत आहे. ते तितकंसं खरं नाही. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त मल्लविनोदाबरोबर शस्त्रधारी द्वंद्वाचा अंकविनोदही आहे. आणि बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. मल्लखांबापासून लाठी-जंबियापर्यंत सगळं एका माणसाच्या चिकाटीने मराठीत आलं. हे खंड उघडले जात नाहीत, ही गोष्ट वेगळी.

पुस्तिकेकडे येतो. तिसरा डाव असा: समोरचा वरून भोसकायला येतो, आपण डाव्या हाताने त्याचं मनगट धरायचं, उजव्या हातातल्या जंबियाने उलट वार करायचा. मजकूर इथे संपतो. चित्रात मनगट धरलेलं आहे. पण दोन चित्रांच्या मधे काय घडलं? अंतर किती, आधी हात की आधी पाय, हे कुठेच नाही. आम्ही लाकडी जंबियाला ओला खडू फासला आणि पुतण्याला जोर लावून यायला सांगितलं. वीस वेळा केलं. सतरा वेळा खडू माझ्या हातावर, खांद्यावर, एकदा गळ्यावर.

लेक्युखनर इथे उपयोगी पडला. त्याच्या चित्रांत एका हातात शस्त्र आहे, आणि मोकळा डावा हात सतत दुसऱ्याचं मनगट, कोपर, मान धरतो आहे. पानांमागून पानं डाव कुस्तीत शिरतात. पट्ट्यात हे होत नाही. तिथे हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात असतो, मनगट वळत नाही, सगळी फिरत खांदा-कंबरेतून येते. फरीगदग्यात डाव्या हातात ढाल. जंबिया मात्र डावा हात मोकळा सोडतो. म्हणजे मनगट धरल्यावर पुढे काय, हे पुस्तिकेने सांगितलं नाही, कारण सांगायची गरज नव्हती. वाचणारा रोज हौद्यात उतरणारा होता. अर्धा डाव कागदावर होता, अर्धा त्याच्या अंगात. मी क्रिकेटवाला.

तरी मला घाई झाली. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत आम्ही हाच डाव करून दाखवला आणि मी ध्वनिक्षेपकावर 'शिवकालीन जंबिया' असं सांगून मोकळा झालो. टाळ्या पडल्या. नंतर एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. परळच्या तालमीत शिकलेले.

"हे कुठून आणलंत?"

पुस्तिका दाखवली. त्यांनी चित्र चष्म्याजवळ धरलं.

"शिवकालीन कशावरून?"

उत्तर नव्हतं. जंबिया हे मुळात अरबस्तानातलं हत्यार. आमची पुस्तिका छापील, तिची भाषा माझ्या आजोबांच्या पत्रांसारखी. त्याआधीचा एक कागदही माझ्यापाशी नव्हता. २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाल्यापासून असल्या घोषणांना गर्दीत किंमत आहे, आणि मी ती वसूल केली होती.

गृहस्थांनी तिथेच फुटपाथवर माझा डावा खांदा धरला. "तुम्ही मागे सरता. मागे नाही, बाजूला. पाय आधी, हात मागून येतो आपोआप." गच्चीवर परत वीस वेळा केलं, खडूची खूण सहा वेळा लागली. त्यानंतर तीनदा मी त्यांच्याकडे गेलो. दोन डाव त्यांनी अंगाने दाखवले, बाकीचे त्यांना आठवेनात, आणि न आठवणारं त्यांनी एकदाही जुळवून सांगितलं नाही.

आता वहीत तीन रकाने आहेत: पुस्तिकेतलं, त्यांच्याकडून आलेलं, आमच्या तर्काचं. तिसरा रकाना सर्वांत लांब आहे. ध्वनिक्षेपकावर हल्ली तोच आधी सांगतो, टाळ्या थोड्या कमी पडतात. सध्या नवव्या डावापाशी अडलो आहोत. चित्रकाराने दोघांना गुडघ्यापर्यंतच काढलंय. खाली पानाची कड आहे.